अप्पांचा फोटो

“…मग तुमच्या फोनवर बटण दिसत नाही, यात माझा काय दोष?”

मल्लिनाथ तावातावानं विचारत होता. समोर शांतव्वा काठी धरून उभी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पहाटेच्या एसटीनं आलेली.

मठात वर्षातून एकदा डोळ्यांचं शिबिर भरतं. मोतीबिंदू फुकट काढून देतात. आज शेवटचा दिवस होता. यंदा नावनोंदणी फक्त मठाच्या साइटवर होती, आणि ती साइट मल्लिनाथनं बनवली होती. पुण्यातली नोकरी सोडून मठाच्या अप्पांचा शिष्य झालेला इंजिनिअर तो. नोकरी सुटली, ऐट काही सुटली नव्हती.

“यादीत नाव नाही, तर आत सोडता येणार नाही.”

“लेक तीन दिस बोट घासत हुती फोनवर,” शांतव्वा म्हणाली. “नाव कुठं टाकायचं त्येच गावंना. म्या काय करू?”

“दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडायचं. खाली सूचना दिली आहे.”

जिला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, तिला हा शहाणा खालची सूचना वाचायला सांगत होता!

मठाचे प्रमुख शिवयोगी अप्पा कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होते.

“ब्राउझर म्हणजे काय रे?”

“साइट ज्यातून उघडतात ते, अप्पा. बरेच असतात. एकच पान प्रत्येकात थोडं वेगळं दिसतं.”

“तू कशाकशात बघितलंस?”

“माझ्या लॅपटॉपवर. आणि तुमच्या टॅबवर. तुम्हाला आवडलं म्हटल्यावर…”

“म्हटल्यावर?”

“…चालू करून टाकली.”

अप्पांनी हात पुढं केला. “तिचा फोन आण इकडं.”

फोन जुना होता, काचेला तडा गेलेला. मल्लिनाथनं साइट उघडली. पडदाभर अप्पांचा फोटो आला. कपाळावर भस्म, गळ्यात रुद्राक्ष, आशीर्वादाचा उजवा हात. मल्लिनाथनं पान वर सरकवलं, खाली सरकवलं. फोटो जागचा हलेना.

“नाव कुठं टाकायचं?”

“माझ्याकडं फोटो एका बाजूला दिसतो, अप्पा. यात तो… बटणावर आलाय.”

“माझं तोंड बटणावर आलंय?”

“…हो.”

“असे किती जण परत गेले?”

“ते कळत नाही, अप्पा. कुणी तक्रार केली नाही.”

तक्रार केली नाही! ज्यांना साधं नाव टाकता आलं नाही, ते तक्रार कुठं टाकणार होते?

अप्पांचा चेहरा लाल झाला.

“फोटो मोठा ठेवला तो भक्तीनं, अप्पा,” मल्लिनाथ हळूच म्हणाला.

अप्पा कट्ट्यावरून उतरले, शिबिराच्या दाराशी गेले आणि दोन्ही हातांनी चौकट धरून मधोमध उभे राहिले.

रांग थांबली.

पुढच्या माणसानं हात जोडले. त्याच्या मागच्यानंही जोडले. कुणी वाकून पायांना हात लावला. आतून नर्सनं हाक मारली, “पुढचे कोण? चला लवकर!” कुणीही जागचं हललं नाही.

पाच मिनिटं गेली… दहा गेली…

मल्लिनाथ जवळ आला. “अप्पा, लोक खोळंबलेत.”

“मग सांग मला, बाजूला हो म्हणून.”

त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

“तुम्हाला कसं सांगू, अप्पा?”

तेवढ्यात रांगेच्या कडेनं काठी चाचपडत आली आणि अप्पांच्या नडगीवर खाडकन बसली.

“कोन उभारलंय दारात?” शांतव्वा ओरडली. “अक्कल हाय का न्हाई? सरक की मुडद्या!”

मल्लिनाथनं धावत जाऊन तिचा दंड धरला. “अव्वा, अहो, अप्पा आहेत ते!”

“असंनात का! मला डाक्टरकडं जायाचंय.”

अप्पा बाजूला झाले. तिचा हात धरून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, “हिला तपासा. नाव मी लिहून देतो.”

मल्लिनाथ मान खाली घालून उभा होता. “चुकलो, अप्पा. रात्रीपर्यंत दुरुस्त करतो. सगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघतो आणि तुम्हाला दाखवतो.”

अप्पांचा राग अजून उतरला नव्हता. नडगी चोळत ते म्हणाले,

“मला नको. हिला दाखव… आणि शिव्या घालेल, त्या लिहून घे.”