बिअरचा दाखला

कोंडवलीच्या जहागीरदारांची बिअर बाईसाहेबांनी बंद केली. तेव्हा जहागीरदारांनी आपल्या दवाखान्याच्या दाजीबा कंपाउंडरला बैठकीत बोलावले.

“रोज पेलाभर बिअर काळजाला बरी, असे डॉक्टर म्हणतात. ती औषध आहे असा दाखला लिही. नाहीतर उद्यापासून दवाखान्यात पाऊल टाकू नकोस.”

पडद्याआड बांगड्या वाजल्या. बाईसाहेब ऐकत होत्या. लिहिले तर त्या नोकरीवरून काढतील, न लिहिले तर हे.

दाजीबाने दाखला लिहिला. मग औषधाच्या बाटलीला लावतात तशी डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून जहागीरदारांनी पुढे केलेल्या बिअरच्या बाटलीला चिकटवली आणि एका खुणेपुरती बिअर ओतली. जहागीरदारांनी ती एका घोटात संपवून पेला पुन्हा पुढे केला.

दाजीबाने बाटलीला बूच मारले.

“अरे, ओत की!”

“सरकार, तीस वर्षे औषध देतोय. लगेच दुसरा डोस मागणारा रोगी अजून भेटला नाही. आपण मागितलात, तर हे औषध नव्हे. दाखला फाडू?”

जहागीरदारांनी पेला खाली ठेवला.

पडद्याआडून आवाज आला, “दाजीबा, बाटली दवाखान्यात न्या. स्वारी रोज रांगेत उभी राहून डोस घेईल.”