थंड हलगी

चर्र... पेटत्या विस्तवावर पाणी पडल्याचा आवाज. दहा-बारा वर्षं झाली, अजून कानात आहे.

“वस्ताद, हे काय केलंत? आता हलगी कशावर शेकू?”

विचारणारा संतराम. पाणी ओतणारे गेनू वस्ताद, त्याचे गुरू. मी वस्तादांच्या हलग्यांना कातडं चढवायचो, म्हणून त्यांच्या अंगणात होतो.

हलगी शेकली की कातडं ताणतं, आवाज कडक निघतो. निवली की सैल पडते. संतरामसारखी कडक हलगी तालुक्यात कुणाची नव्हती. हे तो स्वतःच सांगायचा.

दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याच्या मोठ्या नाट्यगृहात एकट्यानं वाजवायचं होतं, नायजेरियाच्या एका गायकाच्या आफ्रोबीट्स नावाच्या तिकडच्या ठेक्यातल्या गाण्यावर. आत विस्तवाला परवानगी नव्हती. म्हणून त्यानं कातड्याऐवजी प्लास्टिकचं पान लावलेली, न शेकता कडक वाजणारी हलगी घेतली होती. तिच्यासाठी आशीर्वाद मागायला आला होता. जाता जाता आपली कातड्याची हलगी शेकून वस्तादांना ऐकवणार होता.

“उद्या कातड्याचीच वाजव, थंड,” वस्ताद म्हणाले.

“कातड्याची थंड हलगी फुसकी वाजते, वस्ताद. लोक हसतील.”

“तालुक्यात तुझ्यासारखा कोण नाही ना?”

संतराम विझलेले निखारे काडीनं उकरू लागला.

“ते गाणं लाव.”

त्यानं मोबाइलवर लावलं.

“काय म्हणतो हा?”

“म्हणतो, माझ्याकडं काही नव्हतं. आज कुठलंच दार मला बंद नाही. या, बघा मला.”

वस्तादांनी डोळे मिटले. गाणं संपलं.

“परत लाव.”

असं तीनदा ऐकलं.

“गुणाचा आहे पोरगा,” वस्ताद म्हणाले. “एवढं मोठं बोलतोय... आणि आवाज चढवत नाही.”

“त्याच्यापुढं माइक असतो, वस्ताद.”

“मग तुझ्यापुढं काय माइकऐवजी पाखडायचं सूप ठेवणारेत?”

वस्तादांनी आपली जुनी हलगी उचलली. कातडं ओल्या पापडासारखं सैल. तशीच वाजवू लागले, सावकाश. आवाज खालचा, जाड, त्या गाण्याच्या चालीनं चालणारा. अंगणात तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

कुणी हसलं नाही.

“घे.”

संतरामनं जोरात मारलं. फद्... त्याचे कान लाल झाले. पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

मग त्याचा हात हळू पडायला लागला. बराच वेळ गेला. आणि त्या सैल कातड्यातून असं काही निघालं, की मी हातातली चामड्याची वादी खाली ठेवली.

“माझ्यापेक्षा चांगली,” वस्ताद म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

संतराम वाजवता वाजवताच बोलला, “पण उद्या हिनं दगा दिला तर?”

“विस्तव मघाशीच विझला, संतराम. तू अजून वाजवतोयस.”

त्याचा हात थांबला... प्लास्टिकची हलगी भिंतीला टेकलेली होती. ती तिथंच राहिली. वस्तादांची हलगी काखेत धरून तो वाटेला लागला.