सर्जेरावानं चढवलेली गोळी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत माझं. मास्तरांनी पाठवलंय म्हणे. का, मास्तरांना तोंड नाही? बसा आता. मध्ये कुणी बोललं तर उठवीन.

डोंगरापलीकडं फौजी लोकांचं एक गाव होतं. तिथं हौसाबाई नावाची जमादाराची बायको राहायची. जमादार सर्जेराव लढाईवर जाताना घरातलं जुनं पिस्तूल भरून, एक गोळी नळीत चढवून तिच्या ट्रंकेत ठेवून गेला. म्हणाला, "तुला सोबत." तो परत आला नाही.

खंडेनवमीला घरातलं हत्यार पाटावर मांडून पुजायची त्या गावाची रीत. हौसाबाई दर वर्षी पिस्तूल मांडायची. नळी दाराकडं, धनी ज्या वाटेनं यायचा त्या वाटेकडं. कुंकू लावायची, चापाशी झेंडूचं फूल खोवायची. तिचा दीर दौलतराव आधी मॅगझिन काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं रिकामं!"

एका वर्षी मी उंबऱ्यात बसलो होतो. नळी बरोबर माझ्या छातीवर. मी उठून बाजूला झालो.

"बघा रे, लोखंडाला भ्यालं म्हातारं! भेकड!" दौलतराव म्हणाला. सगळी आळी हसली.

सर्जेरावाचा जोडीदार, हवालदार इठूजी पूजेला आला होता. तो हसला नाही.

"मॅगझिन काढलंस. नळीतली गोळी कुणी काढली?"

हौसाबाईच पुढं झाली. "ती त्यांनी चढवलीय. तिला कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय माझ्याकडं. आणि मॅगझिन नसल्यावर उडतंय होय?"

"उडतंय, वहिनी. नळीतल्या गोळीला मॅगझिन लागत नाही. आणि चाप अडवणाऱ्या खटक्यावर विसंबू नका, तोही म्हातारा झालाय."

तेवढ्यात दौलतरावाची रांगती पोर फुलासाठी पाटाशी पोचली. हौसाबाईनं झडप घालून तिला उचललं.

इठूजी हळूच म्हणाला, "आत्ता गोळी सुटली असती, तर तोही सर्जेरावाचाच हात म्हणाला असतात?"

हौसाबाईनं पोर जावेच्या कडेवर दिली. "काढायची तर मीच काढीन. सांगा कसं ते."

"चला परसात. माणसं मागं. नळी मातीच्या ढिगाकडं. बोट चापाबाहेर. आता वरचं सरकतं झाकण मागं ओढा."

स्प्रिंग ताठ. हात निसटला. मग तिनं दात खाऊन ओढलं, तशी आतल्या नखीनं गोळी खेचून बाहेर टाकली. इठूजीनं झाकण मागं अडकवून दिलं.

"आता डोळ्यांनी बघा. आणि करंगळी घालूनही बघा."

नळी रिकामी होती. करंगळीला जुन्या तेलाचा काळा डाग लागला. तिनं तो हुंगला. सर्जेराव सुट्टीवर आला की त्याच्या हातांना हाच वास यायचा.

हौसाबाई तिथंच मातीत बसली, करंगळी पदरात धरून. त्या दिवशी तिनं हात धुतले नाहीत.

तात्पर्य: हत्यार रिकामं आहे हे कुणाच्या शब्दावर मानू नये, नळीत आपण बघावं, गेलेल्याची आठवण जपताना जित्यांवर नळी रोखू नये, आणि नळीसमोरून उठणाऱ्याला भेकड म्हणू नये. म्हटलं असेल तर माफी मागावी, जी अजून मागितली नाही त्या दौलतराव पांगेऱ्यानं.