आवडाक्काची लाल केळ

फार फार वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याशी पाणसरे नावाचं गाव होतं आणि त्या गावात आवडाक्का राहायची. बहिणीच्या गावाहून तिने एक मुनवा आणला, म्हणजे केळीचं पिल्लू, आणि परसात लावला. ही केळ खायची नव्हे, शोभेची. फूल लालभडक, पण फळं बोटाएवढी आणि आत नुसत्या काळ्या बिया.

गावाला ते काही केल्या पटेना. जो येई तो विचारी, "आक्का, केळी कधी लागणार?"

"लागणार नाहीत."

"मग लावली कशाला?"

"बघायला! किती वेळा सांगू?"

असं म्हणतात, एवढंच सांगता सांगता तिचे केस पांढरे झाले.

केळही तशीच हट्टी. सकाळी उपटलेला मुनवा संध्याकाळी पुन्हा उभा. कुंपणं ओलांडून ती घरोघर शिरली. पाटलांच्या न्हाणीत उगवली, तेव्हा मात्र पाटील कोयता घेऊन आले आणि त्यांच्यामागे सगळा गाव.

"आज ही बाग साफ करणार!" पाटील गरजले.

भर चैत्र. नदीवरून रोज घागरी वाहून आक्काने ती बाग जगवली होती. पण ती भांडली नाही. "करा बाबांनो. माझ्या तोंडाला फेस आला आता," म्हणाली आणि पाठ फिरवून उंबऱ्यावर बसली.

पहिला घाव पडायच्या आत डोंगरावरून वणवा उतरला. घरं गवताची, नदी लांब. माणसं जागीच खिळली.

आक्का ताडकन उठली. "बघत काय राहिलात? कोयते आहेत ना हातात? केळीचे खांब पाण्याने भरलेत. तोडा आणि घाला आडवे!"

असं म्हणतात, बाग बारा हातांची, पण खांब सरता सरेनात. एक तोडावा तर त्याजागी दुसरा उभा. गावाच्या वरच्या अंगाला ओल्या खांबांची रांग पडली. आग तिथवर आली, फुसफुसली आणि विझली.

रांग पुरी झाली तेव्हाच खांब सरले होते. बाग उजाड झाली. शेवटचा खांब आक्काने स्वतः तोडला होता. त्याच्याशेजारी बसून ती रडली. पाटील घरी गेले आणि न्हाणीतला मुनवा मुळासकट घेऊन आले.

"आक्का, कुठं लावू?"

"तेही मीच सांगू?" डोळे पुसत ती खेकसली. "आग थांबली तिथं लावा!"

आजही चैत्रात पाणसऱ्यातलं प्रत्येक घर त्या रांगेत एक मुनवा लावतं आणि आक्काचं नाव घेऊन घागरभर पाणी ओततं. तिथलं फूल मात्र कुणी तोडत नाही. देवालासुद्धा वाहत नाहीत.