पदरात बांधलेल्या किल्लीची कहाणी

ऐक जिवतीमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, आणि मनातलं मनात दाबून ठेवू नका.

आटपाट गाव होतं. गावाला नदी होती, नदीला पूल नव्हता. अलीकडे गाव, पलीकडे दवाखाना. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, गावात धुरपदा सुईण होती.

त्या गावात एक घर होतं. घरात सासू होती, सासरे होते, दोन मुलगे, दोन सुना. थोरली सुंद्रा, धाकटी मथुरा.

सुंद्राला पहिल्या खेपेला दिवस राहिले. नववा महिना लागला. तिनं सासूला सांगितलं, मला भीती वाटते, पलीकडे न्या. सासू म्हणाली, “माझी सात या जमिनीवर झाली. एकालाही डॉक्टर लागला नाही.” मग सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, बायकांचं बायकांनी बघावं. मग नवऱ्याला सांगितलं. तो जमिनीकडे बघत राहिला. मग कळा आल्या, सुईण आली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशी बाळ झालं, ते रडलंच नाही. सासू तेवढी म्हणाली, जिवतीच्या पूजेत हिचं काहीतरी चुकलं असेल.

दोन वर्षं गेली. मथुराला दिवस राहिले. मग घर शहाणं झालं. सासऱ्यांनी होडी घेतली, घाटावर साखळीनं बांधली, साखळीला कुलूप घातलं. कळा सुरू झाल्या की मथुराला होडीत घालायचं, पलीकडे न्यायचं, असं ठरलं. घरातल्या साऱ्या किल्ल्या सुंद्राकडे असत, होडीचीही तिच्याकडेच आली. तिनं ती पदराला बांधली, वर गाठ मारली, पदर कमरेला खोचला.

ती गाठ सुंद्राला उठता बसता टोचायची. माझं बाळ गेलं तेव्हा कुठं या घराला अक्कल आली, आणि आली ती हिच्या कामाला, असं तिच्या मनात यायचं. मथुराला डोहाळे लागले, सासूनं आंबट केलं, तिखट केलं, गोड केलं. सुंद्राला आठवलं, आपण तेव्हा नुसती चिंच मागितली होती. मथुरा पाय पसरून बसायची, कुणी काही म्हणायचं नाही. सुंद्राला आठवलं, आपण आठव्या महिन्यात दळण दळत होतो. एक दिवस राहवलं नाही. ती म्हणाली, “तुझ्या बाळाला होडी आली. आता हत्ती कधी यायचा?” मथुरा भोळी. हसून म्हणाली, “आला तर पुढं तुम्ही बसा, जाऊबाई.” त्या हसण्यानं सुंद्रा जास्तच पेटली.

मग श्रावण आला. शुक्रवारी सासूनं भिंतीवर जिवतीचा कागद लावला. सुंद्रानं पुरणाचे दिवे केले, ओवाळलं, आणि मनात म्हणाली, देवी, मला दिलंस तेच हिला दे. दिवे विझले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मथुराला पहिली कळ आली. तिनं सुंद्राला सांगितलं. सुंद्रा म्हणाली, काल वाल खाल्लेस, ते बाधले. मग दुसरी आली. सुंद्रा म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, पडून राहा. मग तिसरी आली, मथुरा ओरडली, सासू चुलीपासून धावत आली. धाकट्या मुलानं धुरपदेला आणलं. सासूनं सुंद्राकडे होडीची किल्ली मागितली.

सुंद्रा म्हणाली, “सापडत नाही.”

देव्हाऱ्यात बघितली, कणगीमागे बघितली, उतरंडीत बघितली. कुठं असणार? गावात दुसरी होडी नव्हती, नदी भरून चालली होती, पोहायची सोय नव्हती. धाकटा मुलगा घाटावर गेला, दगडानं साखळी ठेचत बसला. साखळी तुटेना.

धुरपदेनं मथुराच्या पोटावरून हात फिरवला. म्हणाली, “मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. पलीकडे न्या.”

सुंद्रा दारात उभी होती, ती गारच पडली. सुईण असंही कधी म्हणते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाळंतीण अडली की घरातल्या साऱ्या गाठी सोडायच्या, अशी त्या गावची रीत. धुरपदा म्हणाली, साखळी तुटेस्तोवर तेवढं तरी करा. मग बायांनी केस सोडले, गाईचं दावं सोडलं, लोणच्याच्या बरणीच्या तोंडचं दादऱ्याचं फडकं सोडलं, पेट्यांची झाकणं उघडली. धुरपदेनं विचारलं, सगळं सोडलंत का? सगळं सोडलं. पुन्हा विचारलं, सगळं सोडलंत का? सगळं सोडलं. तिसऱ्यांदा तिनं सुंद्राच्या कमरेकडे बघितलं.

“सुंद्रे, तुझ्या पदराला काय आहे?”

सुंद्रा म्हणाली, “माझ्या वेळी का नाही म्हणालीस, हे माझ्या हातचं नाही म्हणून?”

“म्हणाले होते. पहिल्या दिवशी तुझ्या सासूला, दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना, तिसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याला. तू शुद्धीवर नव्हतीस. नंतर सांगून तुझं बाळ येणार होतं का?”

सुंद्रानं सासूकडे बघितलं. सासूनं मान खाली घातली. मला सांगितलं होतं, म्हणाली, मीच नको म्हटलं.

आतून मथुरा म्हणाली, “जाऊबाई, हात धरा.”

मग सुंद्रानं पदर ओढला. गाठ घट्ट मारलेली, घामानं आवळलेली. बोटांनी सुटेना, नखांनी सुटेना. मग दातांनी सोडली. किल्ली जमिनीवर पडली, ती सगळ्यांनी बघितली. कुणी काही बोलायच्या आत सुंद्रानं ती उचलली आणि घाटाकडे धावत सुटली.

मथुराला होडीत घातलं. एका बाजूनं धुरपदेनं धरलं, एका बाजूनं सुंद्रानं. पलीकडे डॉक्टरीणबाईनं तपासलं, धुरपदेला म्हणाली, बरोबर ओळखलंत, आणि मथुराला आत नेलं. पोट चिरून बाळ काढलं. ते रडलं. सुंद्रा बाहेर पायरीवर बसली होती. ते रडणं तिला गोड लागलं, आणि काट्यासारखं टोचलंही.

मग तिनं मथुराला सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. मथुरानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बाळ सुंद्राच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, “घ्या. पण किल्ली आता माझ्याकडे राहील.”

सुंद्रा धुरपदेकडे गेली. मला या पापातून सोडव, म्हणाली. मग सुईणीच्या तोंडून जिवतीच बोलली. श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पूजावी. पुरणाच्या दिव्यांनी ओवाळावं. घरातल्या गाठी सोडाव्या. मग गर्भारशीला पाटावर बसवावं, सासूनं कुंकू लावावं आणि विचारावं, बाई, तुला कोण हवं, कुठं हवं? ती सांगेल ते करावं. तिचं पोट आधी डॉक्टरीणबाईला दाखवावं. सुईण माझ्या हातचं नाही म्हणाली, तर तिच्याशी वाद घालू नये.

सासू म्हणाली, “मग मोठ्यांनी सांगायचं काय?”

धुरपदा म्हणाली, “मोठ्यांनी होडी तयार ठेवायची.”

पुढचा श्रावण आला. सुंद्राला पुन्हा दिवस राहिले होते. ती पाटावर बसली. सासूनं कुंकू लावलं, तोंड उघडलं, शब्द फुटेना. दुसऱ्यांदा उघडलं, फुटेना. मथुरा दारात बाळ घेऊन उभी होती. म्हणाली, विचारा, आत्याबाई, आम्ही थांबतो. तिसऱ्यांदा सासूनं विचारलं, “सुंद्रा, तुला कोण हवं?”

सुंद्राला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिला आधी रडू आलं. मग म्हणाली, “दवाखाना डॉक्टरीणबाईचा, पाठीवर हात धुरपदेचा. आणि किल्ली मथुराच्या पदरात, पण गाठ नको.”

तसं केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. घाटावरून सगळ्यांनी ऐकली.

जिवतीमाते, सुंद्राला विचारलं गेलं तसं सगळ्या लेकीसुनांना विचारलं जावो. मथुराला वाचवलंस तसं सगळ्यांना वाचव. आमच्या पोटातल्या गाठी आमच्या हातून सुटोत. ही साठा उत्तरांची कहाणी एका प्रश्नानं सुफळ संपूर्ण.