दुसरी रेघ

“पण सर, तुम्ही ‘हो’ का म्हणत नाही?”

वृंदा नेरूरकरने पुन्हा तेच विचारलं. केणीसर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते, ते वाकलेलेच राहिले.

सिंधुदुर्गातल्या एका तळ्याकाठच्या मठात ही त्यांची खोली. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन राहिले. भगवं कधी घातलं नाही, प्रवचन कधी केलं नाही. तरी गावाने त्यांना महाराज करून टाकलं. गावाला काय, पांढरी दाढी पुरते.

वृंदा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात शास्त्रज्ञ. हुशार होतीच, आणि आपण हुशार आहोत हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

या तळ्यातलं एक हिरवं शेवाळ तिने तीन वर्षं अभ्यासलं होतं. एकाच पेशीचा जीव. त्याच्या कडेला तिला एक सोडून दोन भिंती दिसल्या होत्या. अशा शेवाळाला भिंत एकच असते, असं सगळी पुस्तकं सांगतात. म्हणजे ही जात नवी. नव्या जातीला नाव ठेवण्याचा मान तिचा, आणि ती केणीसरांचं नाव ठेवणार होती.

घोषणा आज, आत्ताच, मठाच्या अंगणात व्हायची होती. बाहेर खुर्च्या लागत होत्या. कुणीतरी माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करून झाडावरचे कावळे उडवत होतं.

फक्त सरांनी एकदा बघून ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. आणि सरांना कसलीच घाई नव्हती. तिला त्याचा संताप येत होता.

“दोन रेघा दिसतात ना?”

“दिसतात.”

“स्पष्ट?”

“फार स्पष्ट,” सर म्हणाले. “त्याचीच काळजी वाटते.”

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. बसवेना तिला. लॅपटॉप उघडून तिने त्याच पेशीचा आधी घेतलेला फोटो समोर आणला आणि मोठा केला.

“हे बघा. अजून मोठं करते... अजून.”

“मोठं झालं. नवीन काय दिसलं?”

“नवीन कशाला दिसायला हवं? आहे तेच मोठं दिसतंय.”

“मोठं तर बाहेरच्या बॅनरवर माझं नावही दिसतंय.”

तिला हसू आलं नाही.

“दोन रेघांमधली फट केवढी आहे गं?”

“पाव मायक्रॉन. थोडी कमीच.”

“आणि आपलं हे भिंग किती जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकतं?”

प्रकाश लाटांचा असतो. त्या लाटेच्या साधारण निम्म्याहून बारीक फट असेल, तर भिंग कितीही महागाचं आणा, दोन गोष्टी मिळून एकच दिसते. हे तिला सरांनीच शिकवलं होतं. आता ती स्वतः ते दरवर्षी नव्या मुलांना शिकवत होती.

“तेवढ्याच,” ती म्हणाली. “जवळजवळ. पण काठावर का होईना, दिसतंय ना, सर! शिवाय प्रत्येक पेशीत फट सारखीच आहे. लहान घ्या, मोठी घ्या. आणखी कसला पुरावा हवा?”

“सगळीकडे सारखीच?”

“तंतोतंत.”

“हं...”

सरांनी भिंगाखालची काच बोटाने किंचित सरकवली आणि स्टूल तिला दिलं.

“बघ.”

तिने डोळा लावला. “ही पेशी नाही, सर. गाळाचा कण आहे. तळ्यातली माती.”

“त्याची कड बघ.”

तिने बघितलं. बारीक स्क्रू मागे फिरवला, पुढे फिरवला, पुन्हा मागे फिरवला.

मातीच्या कणाच्या कडेला एक रेघ होती. तिच्याबाहेर, तेवढ्याच अंतरावर, आणखी एक रेघ होती.

...

“मातीला कसली आली भिंत?” सरांनी विचारलं.

उत्तर तिला ठाऊक होतं, आणि दुःख त्याचंच होतं. पेशीची कड काचेसारखी पारदर्शक. भरपूर प्रकाशात नीट दिसत नाही. म्हणून काचेखाली प्रकाश कमी-जास्त करणारा जो पडदा असतो, त्याचं भोक तिने सवयीने बारीक करून ठेवलं होतं. पडदा आवळला की चित्र कसं गडद होतं, रेखीव होतं, फोटोत शोभून दिसतं. पण चिंचोळ्या वाटेने आलेला प्रकाश वस्तूच्या कडेला स्वतःचीच एक रेघ ओढतो. हेही पुस्तकात होतं. पुस्तकं तिला पाठ होती.

सरांनी हात काचेखाली नेला आणि पडद्याची दांडी सरकवली. पडदा पूर्ण उघडला. चौफेर प्रकाश आत आला. मग काच पुन्हा पेशीवर आणली.

चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं झालं. फिकट, पांढुरकं. कड असून नसल्यासारखी, रेघा मोजता न येणारी.

“घालवलंत सर तुम्ही सगळं!” ती ओरडलीच.

“काय घालवलं?”

“ती दुसरी...”

बोलता बोलता ती थांबली. मग तिचे डोळे भरून आले. मेहनत वाया गेल्याचं तर वाईट वाटलंच, पण तिला जास्त लागलं ते वेगळंच होतं.

“तुमचं नाव द्यायचं होतं मला,” ती म्हणाली. “या गावाबाहेर कोण ओळखतं तुम्हाला? कुठेतरी राहिलं असतं ते. कायमचं.”

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दारात सरपंच धुरी येऊन उभे राहिले. “महाराज, माणसा जमली. येतास मा?”

“आलो.”

धुरी गेले. वृंदा उठली. ओढणीने डोळे पुसले, केस मागे घेतले. आढ्यता तिच्यात भरपूर होती, पण खोटं बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं.

“मीच जाते पुढे,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर सांगते, माझी चूक झाली. ही नवी जात नाही. भिंत एकच आहे.”

हे बोलल्यावर तिला सकाळपासून पहिल्यांदा हलकं वाटलं. ती झपाझप दारापर्यंत पोचलीसुद्धा.

सर मऊ कागदाने, नीट दिसावं म्हणून भिंगाला लावलेलं तेल टिपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“एकच आहे... हे तू कुठे पाहिलंस?”