मंजुळेचे तीन थेंब

डोंगराच्या कुशीत वैद्यबुवांचा औषधी मळा होता. पोपटी, हिरवा, जांभळा, इवल्या इवल्या फुलांनी लुकलुकणारा. तो राखायचे मंजुळेचे बाबा. घरात गरिबी होती, पण चूल पेटायची. मात्र बाबांचे डोळे हळूहळू अधू होत चालले होते. एक दिवस त्यांनी गवत समजून ब्राह्मीचा अर्धा वाफाच उपटून टाकला.

वैद्यबुवा म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत पोरीला झाडं ओळखता आली, तर मळा तुमच्याकडे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

झालं! मंजुळा सकाळी नावं घोकायची आणि दुपारी विसरायची. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते म्हणून तिने उरलेली ब्राह्मी मूठमूठ खाल्ली, तर ब्राह्मीचंच नाव विसरली. बिचारी गोकर्णीच्या वेलाखाली रडत बसली.

"हळू गं, माझं अंथरूण भिजतंय," नाजूक आवाज आला. निळ्याशार फुलात अंगठ्याएवढी परी बसली होती. तिच्या पंखांवर तीन टपोरे दवबिंदू झुलत होते. "तीन थेंब, तीन इच्छा. पण इच्छा तुझ्याच मनातली हवी. धाकाने मागितलेलं टिकत नाही."

"सगळी नावं माझ्या डोक्यात घाल, नाहीतर वैद्यबुवा आम्हाला काढून टाकतील," मंजुळा घाईघाईने म्हणाली.

पहिला थेंब चमकला. शंभर नावं डोक्यात छुमछुमली, आणि अळवावरच्या पाण्यासारखी घरंगळूनही गेली.

तेवढ्यात खारीचं पिल्लू लंगडत आलं. त्याच्या पायात काटा घुसला होता. मंजुळा आपलं रडणं विसरली. तिने अलगद काटा काढला. "परीताई, याला कुठला पाला लावू? मला कळायलाच हवं."

दुसरा थेंब बांधावरच्या एका खरखरीत पानावर टपकला. मंजुळेने पान चोळलं, त्याचा वास घेतला, रस पिल्लाच्या पायाला लावला. "दगडीपाला," परी कुजबुजली. एक दिवस गेला, दोन गेले, पण ते नाव जागचं हललं नाही.

मग मंजुळा बाबांना म्हणाली, "बाबा, आजपासून झाड मी निवडणार. तुम्ही नावाच्या आधी सांगा, ते कुणाच्या कामाला येतं?"

भागामावशीच्या सुजलेल्या गुडघ्याला निर्गुडी. शेजारच्या बाळाच्या खोकल्याला अडुळसा. रोज नवी झाडं, रोज नवी माणसं. पौर्णिमा कधी आली, तेही कळलं नाही.

वैद्यबुवा बोट दाखवत गेले, मंजुळा सांगत गेली. दोन-चार नावं चुकली, पण वैद्यबुवा हसले. "ती मलाही चाळिशीत कळली. मळा तुमचाच."

मंजुळा गोकर्णीकडे धावली. परी म्हणाली, "एक थेंब उरलाय. जगातल्या सगळ्या झाडांची नावं देऊ?"

"नको, ती मी शिकेन. माझ्या बाबांना दिसू दे. तेव्हा मी घाबरले होते, म्हणून हे सुचलंच नाही."

"ही अगदी तुझीच इच्छा," परी म्हणाली आणि तिने मंजुळेच्या कपाळाचा पापा घेतला. थेंब फुटला. निळा, गुलाबी, सोनेरी उजेड मळाभर पसरला आणि त्यात परी साखरेसारखी विरघळून गेली.

पलीकडच्या वाफ्यात बाबा उठून उभे राहिले. कपाळावर आडवा हात धरून ते मंजुळेकडे बघतच राहिले.

"मंजुळे," ते म्हणाले, "तू एवढी उंच कधी झालीस गं?"